झील

दोन माइक लावले होते, त्यातला एक
तिसऱ्या कडव्यालाच बसला. आधी खरखरला, मग गप्प.
मंडळाचा सेक्रेटरी डोळे वटारून बघायला लागला,
मी हातानंच सांगितलं, एकावर भागवा.
नीलव्वानं आपला माइक मधोमध ओढला,
एका पाटावर दोघींनी टेकावं, तसा.

शाळेमागचं मैदान. हिरण्यकेशीकडनं गार वारा,
त्यात गुऱ्हाळाचा वास.
डेअरीच्या सतरंज्या. बॅनर दोन लिप्यांत
आणि दोन्हीकडं नाव चुकलेलं :
तुणतुणेवाली शेवंताक्का एकीकडं शेवंती, दुसरीकडं सावित्री.
तिला त्याचं काही नाही. तिला वाचता येत नाही,
कुठल्याच बाजूनं.

आमची नदाफ साउंड सर्विस, निपाणी. बावीस वर्षं
लग्नं, उरूस, भाषणं, बारशी.
माणूस काय बोलतो ते मी ऐकत नाही,
किती जोरात बोलतो तेवढं बघतो.
सुई लालमध्ये गेली की खाली ओढतो.

नीलव्वा हुक्केरीकडची, हातात डफ. तिची झील गी गी.
शेवंताक्का गडहिंग्लजकडनं इकडं दिलेली. तिची जी जी.
अठ्ठावीस वर्षं झाली म्हणे,
कुणी कुणाला दुरुस्त केलं नाही.
मीही बटणं फिरवून बघितली एकदा. फरक काही सापडला नाही,
तरी ऐकू येतो.

गाणं एका सुनेचं. तांब्याची घागर पडते विहिरीत
आणि सासूनं तर भांडी मोजून ताब्यात दिलेली.
सून दोराला धरून उतरते, एकेका कडव्याला एक एक हात,
भिंतीतलं पारव्याचं घरटं, गार दगड, शेवाळ,
वर आभाळ, भाकरीएवढं.
एकविसाव्या कडव्याला
नीलव्वा थांबली.

मला वाटलं, वायर. हात जॅककडं गेला.
मग तिचे डोळे दिसले :
किल्ली आत ठेवून कुलूप दाबलेल्या माणसाचे.

डफ चालू. शब्द नाही.
शेवंताक्कानं झील ओढली. जी जी जी.
परत ओढली.
बायका सरकून पुढं आल्या, त्यांना वाटलं
गाण्यातच असं आहे.
एका पोराच्या तोंडात चिरमुरे तसेच.
मी मोजायला लागलो. अकरा. बारा.
तिकडं ती पोर विहिरीच्या मध्यात लोंबकळत,
आणि दोर म्हणजे तुणतुण्याची एवढी एक तार.
सतरा.
झील धरणाऱ्यानं कडवं म्हणायचं नसतं.
येत होतं तिला. माझ्या मुलांची शपथ,
ओठांत पुढचा शब्द जुळत होता.
पण गिळला तिनं तो, आणि जी तेवढा लांबवला,
जरा वर नेला, जरा डावीकडं,
अंधारात कुणी कंदील हलवावा, तसा.

तेविसाव्याला ती गी म्हणाली.

मी मान वर केली. ऐकण्यात चूक होत नाही माझी.
नीलव्वानं तिच्याकडं बघितलं. डफावर एक थाप जास्तीची पडली,
आणि सून बाहेर आली, ओल्या पायांनी,
थेट चुलीपाशी.

टाळ्या. पंचायतीचे अध्यक्ष. नारळ दोन,
शाल मात्र एकच निघाली पिशवीतनं,
दोघींच्या खांद्यांवर आडवी टाकली फोटोपुरती.

रात्री वायरी गुंडाळत होतो. शेवंताक्का बशीतला चहा फुंकत आली.
बंद माइक उचलून बघितला, परत ठेवला.
"घागर खालीच राहिली बघ," म्हणाली.
"आठ कडवी गाळली बाईनं."
मी म्हटलं, जाऊ दे अक्का, कुणाला कळलंय!
टेम्पोतनं नीलव्वाची हाक : बारे, तडा आतु!
हिनं बशी पालथी केली, शेवटचा थेंब झटकला.

"सासूला कळंल की," म्हणाली,
"सकाळी. मोजताना."